अभ्यासक्रम कोण लिहिणार, हे रिझ्युमेपाशीच ठरते

शाळेत मुलांना काय शिकवायचे हे ठरवणाऱ्या खोलीत आपली माणसे का नाहीत, यावर आपण पुष्कळ बोलतो आणि लिहितो. त्या खोलीच्या दाराशी एक दोन पानी कागद मागितला जातो, त्याबद्दल बोलायला मात्र आपल्याला कमीपणा वाटतो. रिझ्युमे हा करिअर मार्गदर्शनवाल्यांचा विषय, चळवळीचा कसा असेल, अशी आपली समजूत आहे. ही समजूत आपल्याला फार महाग पडते आहे, असे माझे म्हणणे आहे.

मी सहा वर्षे शाळेत शिकवले आणि गेली नऊ वर्षे अभ्यासक्रम विकसनाचे काम करते. घटकांची मांडणी, पाठ, स्वाध्याय, शिक्षक हस्तपुस्तिका, चाचण्या हे माझे रोजचे काम. घरातली मी पहिली पदवीधर. दर वर्षी मार्च ते जूनच्या दरम्यान वसतिगृहांतून, अभ्यासिकांतून, बी.एड.च्या वर्गांतून मुलेमुली मला आपापले रिझ्युमे पाठवतात. कुणी नांदेडचे, कुणी चंद्रपूरचे, कुणी बिदरचे, कुणी हैदराबादेत शिकणारे. त्यांतले बहुतेक एकाच साच्यातले असतात. वर संपूर्ण नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, कायमचा पत्ता. खाली दहावीपासूनच्या टक्केवारीचा तक्ता. मग एमएससीआयटी आणि टायपिंग. मग ‘प्रामाणिक, कष्टाळू, जबाबदारीची जाणीव असलेला’. शेवटी ‘वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’ आणि त्याखाली सही.

हा तहसील कचेरीत द्यायचा अर्ज झाला. आपल्या हातून तो असाच का उतरतो, याचे कारण आपल्या आयुष्यात आहे. जातीचा दाखला, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, रहिवासी, शिष्यवृत्तीचा फॉर्म, वसतिगृहाचा फॉर्म. दहावी झाल्यापासून आपण स्वतःला खरे ठरवण्यासाठी कागदाला कागद जोडत आलो. टेबलापलीकडच्या माणसाने ‘तू काय केलेस’ असे कधी विचारले नाही. ‘तू खरोखर तोच आहेस का’ एवढेच विचारले. ज्या घरात काका बँकेत, मावशी प्राध्यापक आणि चुलतभाऊ कंपनीत असतो, त्या घरातल्या मुलाचा पहिला रिझ्युमे कॉलेज संपण्याआधीच तीन जणांनी वाचून दुरुस्त केलेला असतो. आपला पहिला रिझ्युमे सायबर कॅफेवाल्याकडच्या जुन्या फाइलवर नाव बदलून तयार होतो. पुढे या दोन कागदांमधल्या फरकाला ‘गुणवत्ता’ असे नाव मिळते.

त्या खोलीत काय ठरते

२०१९ साली एनसीईआरटीने नववीच्या इतिहासाच्या पुस्तकातली तीन प्रकरणे काढून टाकली. त्यातले एक प्रकरण वस्त्रांच्या सामाजिक इतिहासाचे होते. त्रावणकोरातल्या नाडार स्त्रियांनी अंगाचा वरचा भाग झाकण्याच्या हक्कासाठी दिलेला लढा त्यात होता. मुलांवरचे ओझे कमी करणे हे कारण देण्यात आले. कुठले पान ओझे आणि कुठले पान शिक्षण, हे कुणीतरी माणूस ठरवतो. तो माणूस त्या खुर्चीपर्यंत कुठल्यातरी निवडीतून आलेला असतो.

त्याआधी २०१२ साली अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातल्या व्यंगचित्रावरून वाद झाला. गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू, असे शंकर यांचे १९४९ सालचे ते चित्र. प्रकरण संसदेत गेले, पुस्तकाच्या दोन्ही मुख्य सल्लागारांनी राजीनामे दिले. वर्तमानपत्रांतून वाद रंगला तो अभिव्यक्तिस्वातंत्र्य विरुद्ध भावना दुखावणे असा. माझा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. आंबेडकर जयंतीला घरात निळा झेंडा लावणारी मुलगी चाळीस जणांच्या वर्गात हे पान उघडेल तेव्हा तिच्याकडे कोण कसे पाहील, हा प्रश्न पुस्तक छापखान्यात जाण्याआधी टेबलावर कुणी ठेवायचा? तो प्रश्न संसदेत विचारावा लागला, याचा अर्थ तो मसुदा वाचताना पुरेशा जोराने विचारला गेला नाही.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ तयार होताना २१ राष्ट्रीय आधारगट नेमले गेले. त्यातला एक अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांच्या प्रश्नांवर होता. म्हणजे आपला प्रश्न महत्त्वाचा आहे हे मान्य झाले. पण आपण एका गटाचा विषय असणे वेगळे आणि गणित, विज्ञान, भाषा, मूल्यमापन या प्रत्येक गटात लेखक म्हणून असणे वेगळे. आपल्याला ‘वंचितांचे प्रश्न’ या प्रकरणापुरते बोलावले जाते. अपूर्णांक कसे शिकवावेत यावर आपले मत कुणाला हवे असते?

शिवाय ही खोली आता एकच राहिलेली नाही. एनसीईआरटी, राज्यांच्या एससीईआरटी, बालभारती या सरकारी जागा आहेतच. पण पाठ, व्हिडिओ, प्रश्नपेढ्या, कृतिपुस्तिका आणि शिक्षक प्रशिक्षणाचे साहित्य तयार करण्याचा मोठा व्यवहार खाजगी प्रकाशक, एडटेक कंपन्या आणि स्वयंसेवी संस्था यांच्याकडे आहे. संविधानाचे कलम १६(४) राज्याच्या सेवांपुरते आहे, या ठिकाणी ते लागू होत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या आपल्या मुलांपर्यंत जे साहित्य पोहोचते, ते लिहिणाऱ्याच्या नेमणुकीत आरक्षण नाही, जाहिरातीचा नियम नाही आणि निवड यादी लावण्याचे बंधनही नाही. तिथे उरतो तो रिझ्युमे, आणि ‘आमच्या ओळखीतली एक मुलगी आहे’ हे वाक्य.

कागद निष्पाप नसतो

इथे एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. ‘रिझ्युमे नीट लिहा, सगळे होईल’ असे मी म्हणत नाही. ते खोटे आहे, आणि ते खोटे आहे याचा पुरावा आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे एक प्रयोग केला. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण आणि अनुभव तुल्य, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश भरली आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. २००७ मध्ये हे ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त छापून आले. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखतींवरचा अभ्यास मांडला. आम्ही जात बघत नाही, फक्त मेरिट बघतो, असे सांगणारे हेच अधिकारी उमेदवाराला ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ विचारणे आवश्यक मानत होते.

हा प्रश्न मलाही विचारला गेला आहे. मुलाखतीत माझ्या पाठाबद्दल पाच मिनिटे बोलणे झाले आणि घरी कोण काय करते यावर पंधरा. त्या संस्थेच्या वेबसाइटच्या पहिल्याच पानावर समतेबद्दल एक सुंदर परिच्छेद होता.

तेव्हा आडनाव पाहून कागद बाजूला ठेवणारा तो ठेवणारच. पण आपला कागद रिकामा असला तर त्याला आडनाव बघायचीही गरज पडत नाही. ‘अनुभव नाही’ असा शेरा मारून तो मोकळा होतो आणि त्याच्या विवेकाला ओरखडाही उठत नाही. मला त्याची ही सोय काढून घ्यायची आहे. त्याने नाकारायचे असेल तर आपले काम डोळ्यांसमोर असताना नाकारावे.

जोतीरावांनी आपला अनुभव कसा मांडला

कामाच्या अनुभवाचा मसुदा कसा लिहावा हे शिकायला आपल्याला परदेशी वेबसाइटवर जायची गरज नाही. १९ ऑक्टोबर १८८२ या दिवशी महात्मा फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे ठेवलेले निवेदन काढा. आपण ते शिक्षणावरचे ऐतिहासिक भाष्य म्हणून वाचतो. एकदा रिझ्युमे म्हणून वाचा.

पहिल्या ओळीतच ते आपल्या अनुभवाची हद्द आखतात. आपला अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या खेड्यांपुरता आहे, असे सांगतात. मग काय केले ते क्रमाने येते. मुलींसाठी एतद्देशीयांची शाळा नव्हती, ती काढली. तिथे आपण आणि आपली पत्नी दोघांनी मिळून बरीच वर्षे काम केले. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. या शाळांत नऊ-दहा वर्षे काम केले. मिशनच्या मुलींच्या निवासी शाळेत काही वर्षे शिकवले. शिक्षण पद्धतीवर टीका करणारे एक मराठी पुस्तक लिहिले. एवढे सांगून झाल्यावर ते मत द्यायला सुरुवात करतात.

यात पदव्या नाहीत आणि स्वतःला लावलेली विशेषणेही नाहीत. जागा, काळ, विद्यार्थी कोण, काम कोणते, सोबत कोण आणि लेखन कोणते, एवढे आहे. सावित्रीबाईंच्या श्रमाची नोंद सरकारी दप्तरात पत्नीच्या कौतुकासारखी जात नाही, सहकाऱ्याच्या कामासारखी जाते. आपल्याकडचे किती प्रकल्पप्रमुख आजही एवढे करतात?

त्यापुढे जे येते ते सरळ सरळ अभ्यासक्रम विकसन आहे. प्राथमिक शाळेत मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांची तोंडओळख, शेतीची प्राथमिक माहिती, नीती आणि आरोग्य यांवरचे सोपे पाठ असावेत. चालू पुस्तके व्यवहाराच्या उपयोगाची नाहीत, त्यांची फेरमांडणी व्हावी. शेतीच्या पाठाला जोडून शाळेजवळ लहानसे नमुना शेत असावे. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले, प्रशिक्षित असावेत. मुलांमध्ये मिसळणारे आणि वेळ आली तर नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हातात धरायला न लाजणारे. शिक्षकाच्या पात्रतेच्या यादीत नांगराची मूठ धरता येणे घालणारा हा माणूस १८८२ सालचा आहे. आजच्या जाहिरातीत त्या जागी ‘नामांकित संस्थेतून पदवी’ आणि ‘अस्खलित इंग्रजी’ आहे.

आणि या शाळांचे फलित काय, असे कुणी विचारले तर १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आलेला मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध आहे. शिकवणाऱ्याचा खरा पुरावा शिकणाऱ्याच्या वहीत असतो, ही गोष्ट आपल्याला तेव्हापासून माहीत आहे.

मग आपल्या कागदावर काय असावे

आता कामाचे बोलते. अभ्यासक्रमाच्या नोकरीसाठी कागद वाचणारा चार गोष्टी शोधत असतो. या माणसाला आशयाचा क्रम लावता येतो का, विशिष्ट वयाच्या मुलासाठी लिहिता येते का, मूल शिकले की नाही हे तपासता येते का, आणि तपासल्यावर स्वतःचा मसुदा बदलता येतो का. ‘अध्यापन केले’ या दोन शब्दांत यातले काहीच कळत नाही.

एका मुलाच्या रिझ्युमेत ‘जि. प. शाळेत एक वर्ष अध्यापन’ एवढीच ओळ होती. त्याच्याशी अर्धा तास बोलल्यावर कळले की एका खोलीत चार इयत्ता तो एकटा सांभाळत होता. ती ओळ कशी लिहिता येईल? समजा, अशी: ‘बहुवर्ग अध्यापन, इयत्ता १ ली ते ४ थी, २७ मुले. स्थानिक किंमत या घटकासाठी चार स्तरांची कृतिपत्रके तयार केली. दोन आठवड्यांनी तोंडी चाचणी घेतली. हातच्याच्या बेरजेत अडणारी मुले ११ वरून ४ वर आली. तिसरे कृतिपत्रक त्यानंतर बदलले.’ यात एकही विशेषण नाही. आकडे तुमचे खरे असले पाहिजेत, हे वेगळे सांगायला नको. मोजले नसेल तर लिहू नका. पुढच्या घटकाला मोजा आणि मग लिहा.

वसतिगृहात दर रविवारी संविधानावर गटवाचन घेणाऱ्या मुलीने त्याचा उल्लेखच केला नव्हता. ‘ते काय, आपले आपले होते.’ पण तिने बारा रविवारांचा क्रम लावला होता, कुठला भाग आधी घ्यायचा हे ठरवले होते, प्रत्येक बैठकीसाठी तीन प्रश्न काढले होते आणि सहाव्या बैठकीनंतर मुली कंटाळल्या तेव्हा वाचन कमी करून चर्चा वाढवली होती. निवड, क्रम, मूल्यमापन, दुरुस्ती. याच कामाला बाहेर अभ्यासक्रम रचना म्हणतात आणि त्याचे पैसे देतात.

गोरमाटी, भिली किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांसाठी तुम्ही पाठातले शब्द त्यांच्या बोलीत करून दिले असतील, तर ते बहुभाषिक साहित्यनिर्मितीचे काम आहे. टीईटीच्या क्लाससाठी प्रश्न काढले असतील तर किती काढले, कुठल्या घटकावर, आणि त्यात स्मरणाचे किती व उपयोजनाचे किती, ते लिहा. बी.एड.ला वार्षिक नियोजन, घटक नियोजन, पाठ टाचण, प्रश्नपत्रिकेचा संविधान तक्ता हे सगळे तुम्ही केलेले आहे. फाइलमध्ये बांधून गुणांपुरते केलेले ते काम या नोकरीचे रोजचे हत्यार आहे. त्यातले उत्तम एक निवडा, वर्गात वापरून पाहा, पाच-सहा पानांत नीट करा आणि कामाचा नमुना म्हणून जोडा. वर इयत्ता आणि अध्ययन निष्पत्ती, मग मुलांना आधी काय येत असावे, मग कृती, मग तपासणी, आणि शेवटी ‘वर्गात वापरल्यावर काय बदलले’ हा एक परिच्छेद. मी निवड करायला बसते तेव्हा हा शेवटचा परिच्छेद आधी वाचते. तो कुणाच्या काकाला लिहून देता येत नाही.

बाकी तांत्रिक गोष्टी थोडक्यात. खाजगी नोकरीच्या रिझ्युमेत धर्म, जात, वडिलांचा व्यवसाय, वैवाहिक स्थिती, आधार क्रमांक यांची गरज नाही, ते काढून टाका. सरकारी जागेच्या अर्जात मात्र प्रवर्ग ठरलेल्या रकान्यात ठसठशीत लिहा. तो आपला हक्क आहे, तिथे संकोच नको. जाहिरातीत जे शब्द आहेत, म्हणजे अध्ययन निष्पत्ती, मूल्यमापन, शिक्षक प्रशिक्षण, त्यातले जे काम तुम्ही खरोखर केले आहे ते त्याच शब्दांत लिहा, कारण बऱ्याच ठिकाणी पहिली चाळणी माणूस नव्हे तर सॉफ्टवेअर लावते. मराठी मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. कृतिदेव किंवा श्रीलिपीतली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चिवडा दिसतो. फाइल पीडीएफमध्ये पाठवा, तिला आपले नाव द्या. मजकूर दोन पानांच्या वर नको.

आणि एक सावधगिरी. ‘चाचणी म्हणून एक पूर्ण घटक लिहून पाठवा’ असे सांगणाऱ्या जागा आहेत. माझ्याकडून अशाच एका कंपनीने दहा तासिकांचा घटक लिहून घेतला. उत्तर आले नाही. वर्षभराने त्यांच्या पुस्तिकेत त्याच क्रमाचा, त्याच कृतींचा घटक मला दिसला, उदाहरणांतली नावे तेवढी बदललेली. एक तासिकेचा नमुना पुरेसा आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी आपले नाव आणि तारीख टाका. त्याहून जास्त मागितले तर मानधन किती, हे नम्रपणे पण लेखी विचारा. वेठबिगारीला ‘असाइनमेंट’ म्हटले म्हणून ती वेगळी होत नाही.

‘दर्जा खाली येईल’

आता त्या जुन्या आरोपाकडे वळते. या लोकांना घेतले तर साहित्याचा दर्जा घसरेल. ठीक आहे, दर्जाबद्दलच बोलू.

पाचवीच्या ‘मापन’ घटकाचा एक मसुदा माझ्यापुढे आला होता. त्यात मुलांनी घरातल्या फ्रीजमधल्या वस्तूंची वजने वेष्टनावरून वाचून तक्ता करायचा होता. मी म्हटले, ज्या शाळांसाठी हे आहे तिथल्या निम्म्या घरांत फ्रीज नसेल, आणि वेष्टनातले सामान तर सुटे करूनच घेतले जाते. उत्तर मिळाले, साहित्य मुलांच्या आकांक्षा वाढवणारे असावे. म्हणजे मुलाने गृहपाठ करताना आपल्या घरात काय नाही याचा तक्ता करायचा. त्याच मुलाला रेशनच्या दुकानातला काटा, कापूस मोजताना होणारी मारामार, चाळीस किलोच्या मणाचा हिशेब चांगला ठाऊक असतो. ते गणित मसुद्यात नव्हते, कारण लिहिणाऱ्याला ते कधी करावे लागले नव्हते.

दुसरे उदाहरण. मी बीड जिल्ह्यातली, आईवडील ऊसतोडीला जात. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे निघतात आणि मार्च-एप्रिलकडे परततात. सगळ्या मुलांना साखरशाळा मिळत नाही, सगळी मुले हंगामी वसतिगृहात राहत नाहीत. आता कुठलेही वार्षिक नियोजन उघडा. जून ते एप्रिल, प्रत्येक घटक आधीच्या घटकावर उभा, मूल दहा महिने वर्गात बसलेले आहे असे धरून. कारखान्यावरून परतलेल्या मुलाला वार्षिक परीक्षेच्या तोंडावर कुठल्या पानावरून सुरुवात करायची, याचे उत्तर त्यात नाही. मधले पाच महिने गेलेल्या मुलासाठी पुन्हा आत येण्याची वाट घटकात ठेवता येते. पूर्वज्ञानाची छोटी तपासणी, मुख्य संकल्पनेचा दोन तासिकांचा संक्षेप, आणि कोपीवरच्या हिशेबातून, टनाच्या आणि उचलीच्या आकड्यांतून येणारी उदाहरणे. हे रचनेचे तांत्रिक कौशल्य आहे. ज्याला ही गरजच दिसत नाही, त्याने परदेशी विद्यापीठातून रचनाशास्त्राची पदवी आणली असली, तरी लाखो मुलांच्या वर्षाच्या मानाने त्याचा दर्जा अपुरा आहे. दर्जा खाली आणण्याची भाषा आपल्याविषयी बोलणाऱ्यांनी आधी आपल्या मसुद्यांचा हिशेब द्यावा.

म्हणून ऊसतोड, वीटभट्टी, वस्तीशाळा, आश्रमशाळा या गोष्टी रिझ्युमेत दुःखाची कहाणी म्हणून आणू नका. आपली कहाणी ऐकून डोळे पुसणारे पुष्कळ भेटतात, नेमणूक पत्र देणारे थोडे. त्यातून तुम्हाला जे ज्ञान मिळाले आणि त्याचे तुम्ही जे केले ते लिहा. ‘हंगामी स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी पुनःप्रवेश घटकांची रचना’ ही एक ओळ करुणा मागत नाही. वाचणाऱ्याकडे नसलेली गोष्ट ती त्याच्यापुढे ठेवते.

आपल्यातलेच दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की चळवळीतले काम रिझ्युमेत घालणे म्हणजे ते विकणे. मला हे पटत नाही. ज्यांनी कधी चळवळ केली नाही ते सुट्टीतल्या पंधरा दिवसांच्या ‘वस्ती भेटी’ला नेतृत्व म्हणून छापतात. तुम्ही चार वर्षे अभ्यासिका चालवून गप्प बसता. हे मौन त्यागाचे वाटते, पण त्याचा फायदा नेमका कुणाला होतो ते पाहा.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. जयंती समिती, आंबेडकरी विद्यार्थी संघटना, फुले वाचन गट असे लिहिले की जात उघडी पडते, मग बोलावणे येत नाही. वर दिलेला अभ्यास पाहता ही भीती काल्पनिक नाही. मी स्वतः ते लिहिते. पण ज्याला पुढच्या महिन्याचे खोलीभाडे भरायचे आहे, त्याने ते लिहिलेच पाहिजे असा दंडक मी घालणार नाही. नाव लिहायचे की ‘विद्यार्थी वाचन गट’ म्हणायचे, हा निर्णय ज्याचा त्याचा. कामाचा तपशील मात्र गाळू नका. भेदभाव करणाऱ्याची लाज आपण आपल्या कागदावर वागवायची नाही.

नेमणूक करणाऱ्यांना

आता टेबलापलीकडे बसलेल्यांना, आणि विशेषतः समतेचे पाठ लिहून घेणाऱ्या पुरोगामी संस्थांना. पहिली चाळणी नाव, आडनाव आणि कॉलेज झाकून करा. मराठीत लिहिण्याच्या कामासाठी अर्जही मराठीत घ्या. इंग्रजी लागत असेल तर कुठल्या कामापुरते, ते जाहिरातीत सांगा. जिल्हा परिषद, आश्रमशाळा, रात्रशाळा इथला वर्गाचा अनुभव पात्रतेत मोजा. नमुना लिहून घ्यायचा तर त्याचे पैसे द्या. पगाराचा आकडा छापा, कारण तो न छापल्याचा तोटा नेहमी पहिल्या पिढीच्या उमेदवाराला होतो. त्याला बाजारभाव सांगणारे घरात कुणी नसते. ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ हा प्रश्न बंद करा. आणि तुमच्या लेखकगटात कुठल्या समाजांतली किती माणसे आहेत, हे दर वर्षी जाहीर करा. यातली एकही गोष्ट करायला कायद्याची वाट पाहावी लागत नाही. करत नसाल, तर सामाजिक न्यायावरचा तुमचा पाठ कितीही सुंदर असो, तो कुणी लिहिला हे आम्ही विचारत राहू.

आपल्यातले जे आत पोहोचले आहेत, त्यांच्याकडेही एक मागणे आहे. त्यांच्या घरात काका असतात, आपल्या मुलांना आपणच काका आणि मावशी व्हायला हवे. दर वर्षी निदान दोघांचे रिझ्युमे ओळ न ओळ वाचा, त्यांना अर्धा तास प्रश्न विचारा, जागा निघाली की कळवा, आणि शिफारस करायची वेळ आली तर संकोच न करता नाव घ्या. ओळखीवर चालणारा व्यवहार आपण एकट्याने मोडू शकत नाही. तोवर ओळख फक्त एकाच बाजूची असू नये.

आणि तुम्ही, जे हे वाचून आपली जुनी फाइल उघडणार आहात, त्यातला टक्केवारीचा तक्ता खाली न्या, प्रतिज्ञा आणि सही पुसा. वर लिहा, कुठे शिकवले, कुणाला शिकवले, काय तयार केले आणि त्याने मुलांमध्ये काय बदलले. चार ओळी झाल्या की कुणाला तरी वाचायला पाठवा.

जय जोती, जय भीम.